वास सुटला की टोमॅटो

मोहरी तडतडली तेव्हा कुठे सुलूताईंच्या लक्षात आलं, की हाताने घात केला. कढईत ऑलिव्ह ऑइल होतं, भिंतीला टेकवलेल्या मोबाईलवर एक तरुण बाई इटालियन सॉस शिकवत होती, आणि यांच्या हाताने मात्र मिसळणाचा डबा उघडून मोहरी, हिंग, कढीपत्ता सगळं नेहमीच्या क्रमाने टाकूनसुद्धा दिलं होतं. सुलूताईंच्या, म्हणजे मोकलांच्या घरात टोमॅटो फोडणीशिवाय कढईत पडल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं.

"सार करतेयस काय?" बाहेरून त्यांच्या नवऱ्याने, परशुरामरावांनी विचारलं.

"हो, सारच. तुम्हाला कालपासून डोहाळे लागलेत ना."

"मी कधी म्हणालो?"

"आता भात लावते. गप खा."

निम्मे टोमॅटो असे साराच्या कामी आले. उरलेल्या निम्म्यांत आता सॉस व्हायला हवा होता. खालच्या मजल्यावरच्या धर्मेशभाईंच्या मुलीचा आज वाढदिवस होता. परवा जिन्यात भेटून ते म्हणाले होते, "सुलूबेन, पास्ता तो घर पे उबाल लेंगे. सॉस आप बनाओ. बोतलवाला नहीं चाहिए. लहसुन चलेगा, हम जैन नहीं हैं." आणि सुलूताईंनी जन्मात कधी न केलेल्या पदार्थाला लगेच हो म्हणून टाकलं होतं. पेणहून लग्न होऊन भाईंदरला आल्यापासून त्या घरून ऑर्डरी घेत. पुरणपोळ्या, कोथिंबीरवड्या, चतुर्थीचे मोदक. ऑर्डरीला नाही म्हणणं त्यांना माहीत नव्हतं.

पण या वेळी हो म्हटल्यापासून त्या धास्तावल्या होत्या, आणि त्याचं कारण पास्ता नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर सुलूताईंना वास येत नव्हता. कसलाच नाही. जिभेला खारट, आंबट, गोड, तिखट एवढं कळायचं, बाकी सगळं कापूस चावल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. तो काही आला नाही. सुलूताईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. नाक गेलेल्या बाईच्या हातचं कोण विकत घेणार? आणि स्वयंपाक गेला की आपल्याकडे राहिलं काय, या विचाराने त्यांना धडकी भरायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नेहमीच्या पदार्थांत ती मूठ झाकलेलीच राहायची. पुरण शिजलं की पळी उभी राहते, खोबरं भाजलं की रंग सांगतो, वडी तळून झाली की तेलाचा आवाज बदलतो. इथे मात्र मोबाईलवरची बाई दर वाक्याला नाकाकडे बोट दाखवत होती. लसूण मंद आचेवर ठेवा, कच्चा वास गेला पाहिजे. छान वास सुटला की लगेच टोमॅटो घाला, उशीर झाला तर सॉस कडू होईल.

"आता हिला कोण सांगणार," सुलूताई पुटपुटल्या.

त्यांनी कढई धुतली, नवं तेल घातलं, लसणाच्या चकत्या सोडल्या आणि वाकून बघत राहिल्या. ऑलिव्ह ऑइल मुळातच पिवळसर. त्यात लसूण पिवळा झालाय की तेलच तसं दिसतंय, काही कळेना. आवाजही येईना. मंद आचेवरचा लसूण, जिन्यात भेटल्या तरी न बोलणाऱ्या धर्मेशभाईंच्या सासूबाईंसारखा गप्प बसून होता. टोमॅटोचं भांडं हातात धरून त्या उभ्या राहिल्या. घालू? नको? थोडं थांबू?

"सुलू, टाक आता टोमॅटो," बाहेरून आवाज आला.

त्यांनी टाकले. चर्र झालं. मीठ, चिमूटभर साखर, झाकण. मग कमरेला हात लावून त्या वळल्या.

परशुरामराव स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला हा माणूस. घरात त्यांनी चहासुद्धा कधी केला नव्हता, आणि जेवणाबद्दलचं त्यांचं मत लग्नापासून एकाच शब्दाचं होतं: "बरंय." दोन वर्षांपूर्वी त्यांनी खिडकीजवळची खुर्ची उचलून या दारात आणली होती. इथे वारा येतो म्हणे. तिथे कसला वारा यायला बसलाय. येता-जाता त्या खुर्चीला अडखळून सुलूताई वैतागायच्या. त्यात त्यांचा जुना जोडीदार सदू नव्या टॉवरांमधल्या लिफ्टच्या कामाला बोलवायला आला, तर यांनी गुडघ्यांचं कारण सांगून त्याला परत पाठवलं. तेव्हापासून सुलूताई त्यांना सरळ आळशी म्हणत.

"तुम्हाला कसं कळलं टोमॅटो कधी टाकायचे?"

"वास आला की. ती बाईपण तेच म्हणाली ना."

"मग मला का सांगितलंत? मला नाक नाही?"

परशुरामरावांनी पेपरची घडी घातली. परत उलगडली.

"नाहीये ना," ते हळूच म्हणाले.

मागे सॉस रटरटत होता.

"तू तापातून उठलीस ना, त्याच आठवड्यात दूध उतू जाऊन गॅस विझला होता. मी आंघोळीहून आलो तर घरभर गॅसचा वास, आणि तू शेगडीला टेकून मेथी निवडतेयस. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली."

"तुम्ही म्हणालात, दूध उतू गेलं."

"गेलंच होतं ते."

"आणि खुर्ची?"

"कोणीतरी पाहिजे ना इथं."

"आणि सदूभाऊ? गुडघे?"

"गुडघे बरे आहेत माझे."

सुलूताईंना रडू आलं आणि त्याच वेळी भयंकर रागही आला. कोणता आधी बाहेर काढावा हे त्यांना ठरवता येईना. "दोन वर्षं मी तुम्हाला आळशी म्हणतेय. एकदा तरी बोलायचंत!"

"आळशी तू मला आधीपण म्हणायचीस," परशुरामराव म्हणाले. "तू सांगत नव्हतीस, मग मी कशाला विचारू? तुला वाटलं असतं, मी ऑर्डरी बंद करायला लावतोय."

त्यांना अगदी तेच वाटलं असतं. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "उठा. आत या. लांबून वास घेतलात तेवढा पुरे, आता चाखा."

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात जे चाललं ते आजवर कधी चाललं नव्हतं. परशुरामराव चमचा तोंडात घालून डोळे मिटायचे आणि सुलूताई परीक्षकासारख्या समोर उभ्या राहायच्या. "बरंय" म्हणाले की पळी उगारायच्या. बरंय म्हणजे काय? कच्चट लागतंय का? मग तसं सांगा. लसूण जास्त? टोमॅटो आंबट? शेवटी परशुरामरावांनी जाहीर केलं, की आता याच्यात कुठलाच स्वाद एकटा पुढे पळत नाहीये. सुलूताईंनी ताबडतोब गॅस बंद केला आणि बेसिलची, त्या परदेशी तुळशीची पानं हाताने तोडून वर घातली.

संध्याकाळी खालून मुलांचा गलका वर येत राहिला. जरा वेळाने धर्मेशभाई पास्त्याची थाळी घेऊन दारात आले. "सुलूबेन, बच्चे लोग प्लेट चाट रहे हैं. आप के हाथ में जादू है."

नेहमीची सुलूताई मान वेळावून हसली असती आणि मूठ झाकूनच ठेवली असती. आज त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "धर्मेशभाई, मेरे को वास नहीं आता. दो साल हो गया. हाथ मेरा है, नाक इनका है."

धर्मेशभाई क्षणभर दोघांकडे बघत राहिले. सुलूताईंनी दाराची कडी घट्ट धरली होती.

"अच्छा," ते म्हणाले. "फिर अगले महीने साली की गोदभराई है, दोनों को बोल के रखता हूँ. काका, आप कहीं जाना मत."

"मी कुठं जातोय," परशुरामराव म्हणाले.

धर्मेशभाई गेल्यावर दोघं एकच थाळी मध्ये घेऊन बसली. सुलूताईंनी एक घास खाल्ला. आंबट होतं, जरा गोड होतं, मीठ बरोबर होतं. त्यापुढे नेहमीसारखा कापूस. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"सांगा, कसं लागतंय? आणि ते बरंय नकोय मला."

परशुरामरावांनी सावकाश घास चावला. "लसूण आहे, पण तिखट नाही. मऊ झालाय, भाजलेल्या कांद्यासारखा."

"हं."

"टोमॅटो लागतोय, पण सारातला नाही. उन्हात तापलेला असतो ना शेतावर, तसा."

"आणि ती पानं?"

ते थांबले. अजून एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

"लग्नात तुझ्या वेणीत सब्ज्याचा पाला होता. हार घालायला तू वाकलीस तेव्हा त्याचा वास माझ्या नाकात गेलेला. तसा."

सुलूताईंनी डोळे मिटले. चमचा उचलून त्यांनी दुसरा घास तोंडात घातला आणि हळूहळू चावू लागल्या.

"पुढे सांगा," त्या म्हणाल्या.