लाल खुणांचं पेडल

भक्तीनं गिटारला जोडायचं ते पेडल टीपॉयवर ठेवलं आणि माझं डोकंच फिरलं. याच खोक्यावरून मी तिच्या बापाशी कडाकडा भांडलो होतो.

रविवारी नोएडात तिची हळद. तिच्या बापानं, कृष्णातनं, तिच्या आईसाठी, सुनयनासाठी बांधलेली धून त्या दिवशी वाजावी, एवढाच पोरीचा हट्ट. कृष्णातला जाऊन तीन वर्षं झाली. धून येणारा म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते, आणि पंधरा दिवस दार लावून घासूनही मला ती येत नव्हती. पंचावन्नाव्या वर्षी बोटं तेवढी पळत नाहीत, हे कुणाला सांगणार?

तरुणपणी दिल्लीत मुनिरकातल्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघं गिटार वाजवायचो. तो कॅन्टोन्मेंटमधल्या सुभेदाराचा मुलगा, गाव कोल्हापूरकडचं. मी दिल्लीतच वाढलेला, तोंडाळ. त्यानं डिलेचं पेडल आणलं तेव्हा मी सुनावलं होतं की वाजवतंय मशीन, तू नुसता बसलायस. तो हसला. मी मात्र त्या खोक्याला कधी हात लावला नाही, आणि पुढे आमचा बँडही सुटला. माफी मागायची राहून गेली, त्याचं मला फार वाईट वाटतं.

भक्तीपुढे नाही म्हणवेना. दिल्लीच्या द्वारका भागातल्या माझ्या हॉलमध्ये वायर जोडली. सूर वाजवला की पेडल तो ठरल्या वेळानं परत ऐकवतं. किती वेळानं, कितीदा, किती मोठ्यानं, यासाठी तीन नॉब. तिन्हींवर नेलपॉलिशची लाल खूण होती. मी नॉब खुणांवर आणले आणि कृष्णातच्या जुन्या कॅसेटवरून ऐकून बसवलेली अख्खी धून वाजवली. नुसती खिचडी झाली.

"बघ, म्हणूनच मला हे यंत्र आवडत नाही," मी भक्तीवर खेकसलो.

भक्तीबरोबर आलेली सुनयना पेडलपाशी वाकली. त्या खुणा तिच्याच नेलपॉलिशच्या.

"अंशुमन, तो इतकं वाजवायचाच नाही," ती म्हणाली. "एक वाजवायचा आणि थांबायचा. मला वाटायचं, विसरला की काय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कॅसेटवरचे अर्धे सूर पेडलचे होते. तेसुद्धा मी इमानदारीत बोटांनी वाजवत बसलो होतो.

मग एकेक सूर गाळला. एक वाजवायचा, थांबायचं. मधल्या जागेत मागचा सूर परत यायचा आणि माझा पुढचा त्याला जाऊन मिळायचा. बोटं आरामात चालत होती आणि धून मात्र पळत होती, मुनिरकात पळायची तशीच. माझे डोळे भरून आले. भक्ती फोनवर रेकॉर्ड करायचंही विसरली.

शेवटचा सूर वाजवून मी हात उचलला. तो अजून दोनदा आला, दुसऱ्यांदा अगदी हळू. सुनयना तो पूर्ण विरेपर्यंत थांबली.

"हां," ती म्हणाली, "हा कृष्णात."