आईचं कॉलेज

हॉटेलच्या धुलाईघरात आईने उमेदीची सगळी वर्षं काढली. ओल्या चादरी यंत्रातून ओढायच्या, झटकायच्या, इस्त्रीच्या रोलरखाली सरकवायच्या. मग एक दिवस गठ्ठा उचलताना कमरेत अशी चमक भरली, की तिला तिथून धरूनच घरी आणावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे वजन उचलायचं नाही. हॉटेलच्या मॅनेजरने वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि तिच्या जागी दुसरी बाई घेतली.

कमरेला पट्टा बांधून घरात बसल्या बसल्या आईच्या मनात एक गोष्ट घोळू लागली. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर ऑफिस होतं. तिथली सहायक पत्रं टाइप करायची, साहेबांच्या भेटी ठरवायची; कुठला कागद कुठे आहे ते तिलाच ठाऊक. आई कधी सही करायला वर गेली की ती म्हणायची, "बसा ना." आई कधीच बसली नाही. अंगाला साबणाचा वास यायचा. पण तसल्या खुर्चीत आपण बसलो तर, हा विचार काही पाठ सोडेना. हे काम शिकवणारी दोन कॉलेजं शहरात होती, तेही तिने हळूच शोधून काढलं.

अडचण होती ती घरात सांगण्याची. तिच्या मुलीची, ठकीची, शाळा नुकतीच संपली होती. कॉलेज शोधायचे दिवस पोरीचे. चाळिशी उलटलेल्या आईने मध्येच आपलं घोडं कुठे दामटायचं? ठकीचे बाबा मालट्रक घेऊन सदा बाहेर. त्यांना फोनवर सांगायचं म्हणून तिने कितीदा तरी तोंड उघडलं आणि दर वेळी विचारलं, "जेवलात का?"

शेवटी ती ठकीला म्हणाली, "एक कॉलेज बघून येऊ. चल माझ्याबरोबर."

"कसलं?"

"ऑफिसचं काम शिकवतात. बघायला काय जातंय?"

ठकीचा चेहरा पडला. तिला गुराढोरांची डॉक्टर व्हायचं होतं, हे घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. पण आईचं दुखणं आणि घरातली ओढाताण बघून ती गप्प राहिली. पोरीचा गैरसमज झालाय, हे आईला कळलं. एका वाक्यात खुलासा झाला असता. ते वाक्य काही तिच्या तोंडून निघेना.

पहिलं कॉलेज घराजवळच, औषधांच्या दुकानाच्या वर होतं. तिथला एक वर्ग थेट ऑफिससारखा मांडलेला. स्वागताचं टेबल, फायलींची कपाटं, कोपऱ्यात प्रिंटर. एक मुलगी लटक्या पाहुण्याला खुर्ची देत होती, दुसरी लटक्या बैठकीची टिपणं घेत होती. आई दारातच थबकली. भातुकली बघावी तसं तिचं तोंड फुललं.

प्रवेशाचं बघणाऱ्या बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. त्यांनी ठकीला विचारलं, "काय गं, टायपिंग येतं?"

आता तरी आईने बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "शिकेल ती. लवकर उचलते."

बाई ठकीलाच सगळं समजावू लागल्या. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, शेवटी शेवटी खऱ्या ऑफिसात उमेदवारी. आई मधूनच विचारी, "शाळा सुटून बरीच वर्षं झाली असली तर?" थोड्या वेळाने, "वयाची अट असते का हो?"

"हिला कसली आलीय वयाची काळजी!" बाई हसल्या. "तू बोल ना गं. तुला काय वाटतं?"

ठकीचा बांध फुटला. "मला नाही शिकायचं हे! जन्मभर दुसऱ्याच्या फायली लावायच्या आणि साहेबाच्या होला हो म्हणायचं. ज्यांना दुसरं काहीच जमत नाही ना, त्यांची कामं ही!"

टिपणं घेणारी मुलगी लिहिता लिहिता थांबली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

"तिच्यासाठी नाही," आई म्हणाली. आवाज जेमतेम ऐकू येत होता. "मी माझ्यासाठी विचारत होते."

आई कमरेवर हात ठेवून उठली, "येते" म्हणाली आणि जिना उतरू लागली. ठकीला वाटलं, इथल्या इथे गडप व्हावं.

रस्त्यात ती म्हणाली, "आई, मला काय माहीत गं..."

"तुझं नाही चुकलं. पोरीच्या आड लपले मी. या वयात शोभतं का?" आणि घर येईपर्यंत आईने तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच पुलापलीकडचं दुसरं कॉलेज बघून आली. फर्निचरच्या दुकानामागे एक खोली, बंद पडलेले संगणक, आणि हजेरीचं मनावर घेऊ नका, सर्टिफिकेट नक्की, असं सांगणारा एक गुळगुळीत गृहस्थ.

"तिथेच नाव घालते," आई म्हणाली.

"अगं, पण शिकवणार काय ते?"

"पहिल्या ठिकाणी कुठल्या तोंडाने जाऊ?"

आपल्या एका बोलण्यापायी आई त्या खोलीत जाऊन बसणार, हे ठकीला गिळवेना. दुपारी ती औषधांच्या दुकानाचा जिना चढली. बाईंसमोर उभी राहिली आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरली. "माझं चुकलं," एवढंच म्हणाली.

"मी असलं बरंच ऐकते," बाई म्हणाल्या. "पण ती बघ, काल टिपणं घेत होती ना, ती हौसेने आलीय इथे. तिला सांग जाऊन."

ठकी त्या मुलीजवळ गेली. मान खाली घालून माफी मागितली. मुलगी टायपिंग न थांबवता म्हणाली, "ठीक आहे." ठीक नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. ठकीचे कान तापले.

ती निघताना बाईंनी हाक मारली. "आईंना म्हणावं, वयाची अट नाही. त्यांनी विचारलं होतं, मी भलतीकडेच उत्तर दिलं."

घरी आल्यावर आई भडकलीच. "मला न विचारता गेलीस? आता कीव करून घेतील मला!"

"कसली कीव? मला चांगलं सुनावून पाठवलंय."

आई बराच वेळ पट्ट्याचं बक्कल सोडत-लावत बसली. मग तिने बाबांना फोन लावला, आणि या वेळी ते जेवले की नाही हे विचारायचं विसरली. पलीकडून बाबांना काही नीट ऐकू येईना, "कोण? ठकी?" ते विचारत राहिले. "मी! मी कॉलेजात जाणार!" आईला ओरडून सांगावं लागलं. शेजारणीच्या खिडकीचं दार उघडलं. आई लाजून लालबुंद झाली, पण आता माघार नव्हती.

पहिल्या दिवशी ठकी तिला सोडायला गेली. जिन्यापाशी शाळेतली एक मैत्रीण भेटली. "इथे घेतलास प्रवेश?" तिने विचारलं.

ठकीने चप्पल नीट केली. ओढणी नीट केली. मग म्हणाली, "मी नाही. आईने."

"अय्या, हो?" मैत्रीण म्हणाली आणि पुढे गेली.

मधलं ते थांबणं आईच्या नजरेतून सुटलं नव्हतं. ठकीला मान वर करवेना.

"राहू दे," आई म्हणाली. "मला तरी कुठे पटकन सांगता आलं?" तिने कठड्याला धरलं आणि कमर सांभाळत, एकेक पायरी, वर गेली.