सल्ला केंद्रातली लाल-निळी सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. जळगावच्या एका कुटुंब सल्ला केंद्रात लोखंडी कपाटावर गुंडाळून ठेवलेली. मित्रांनो, अंगावर धूळ बसली म्हणून मला कमी लेखू नका. मोडायला निघालेली कितीतरी घरं माझ्यावर बसून बोलती झाली आहेत. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म धुळ्यातल्या एका मागावर झाला. कापूस खानदेशचाच, रंग लाल-निळा. विणणाऱ्या निंबाभाऊंनी मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि हसून घडी घातली. आपण लग्नाच्या मांडवात जाणार, असं मी धरून चालले होते. १९८७ साली पोहोचले ती या केंद्रात, जिथे लोक लग्न मोडायचं कसं ते विचारायला येत! सुरुवातीला मी चांगलीच हिरमुसले.

इथल्या समाजकार्यकर्त्या लताबाई. टेबल-खुर्च्या असूनही त्या मलाच अंथरत. खुर्चीवर माणूस एकटा बसतो, सतरंजीवर सगळं घर बसतं, असं त्यांचं म्हणणं. त्या नवरा-बायकोबरोबर सासू-सासऱ्यांनाही बोलावत. कोण कोणाशेजारी बसतं, कोण कोणाकडे पाहत नाही, हे आधी बघत. न्यायनिवाडा मात्र मुळीच करत नसत. लोकांना सवय पंचांच्या बैठकीची, त्यामुळे ते चिडत.

एकदा धरणगावजवळच्या खेड्यातले लोटनआबा आले. सोबत बायको झुंबरबाई आणि मुलगा गिरधर. सून सुनंदा तिच्या माहेराहून आली. आबांनीच तिला तिकडे धाडलं होतं आणि आज फारकतीचं ठरायचं होतं.

"चूक कोननी शे, तेवढं सांगी टाका, बाई," आबा बसता बसता म्हणाले.

लताबाई कोण कुठे बसलं ते पाहत होत्या. आबा, गिरधर आणि सुनंदा माझ्या तीन कोपऱ्यांत आणि झुंबरबाई मधोमध. त्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे, ही जुनी चाल. मुलगाही बापापुढे तोंड उघडत नसे. सगळे निरोप झुंबरबाईंमार्फत. इथेही सुनंदा सासूच्या कानाशी लागत होती आणि सासू ते मोठ्याने सांगत होती.

"अक्का, तुम्ही माझ्याजवळ येऊन बसा. आज तुम्हाला सुट्टी," लताबाई झुंबरबाईंना म्हणाल्या.

मधली जागा रिकामी झाली. चाल मोडावी की सून गमवावी, असा पेच आबांपुढे पडला. माझाही जीव टांगणीला लागला होता. अखेर आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सुनंदा, तुनं काय म्हननं शे? मले सांग, माय."

सुनंदाने पदर पुढे ओढला. ती पहिल्यांदाच सासऱ्यांशी थेट बोलली. "आबा, मले घर सोडनं नही शे. सकायले गावनी बालवाडीमा शिकाडसू, दुपारले घर ईसू."

"मंग मले तर सांगेल व्हतं, तुले आमना घरमा ऱ्हानं नही." सून सकाळी शिकवून दुपारी घरी येणार होती, हे आबांना आज कळत होतं.

सगळे झुंबरबाईंकडे वळले.

"चुल्हावर दाय व्हती. मी थोडामा सांगं," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. "बठ्ठासना निरोप मीच पोचाडस, बठ्ठासनं बोलनं बी मीच खास. मी थकी गऊ."

चुलीवरच्या डाळीच्या घाईत तिने सुनेचा निरोप अर्धाच पोचवला होता. तिला कोणी कधी काही विचारलंच नव्हतं. ती सगळ्यांचे निरोप पोचवायची, सगळ्यांची बोलणीही खायची, तिचं स्वतःचं मात्र राहून जायचं. गिरधर उठून आईजवळ जाऊन बसला. फारकतीचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही आणि संध्याकाळी सुनंदा त्यांच्याच बसने सासरी गेली.

एका दिवसात घर सुधारत नाही, मित्रांनो. ती मंडळी नंतरही आली, माझ्यावर बसून कडाकडा भांडलीसुद्धा. पण समोरासमोर! मला तर ते भांडणही गोड वाटलं.

पुढे लताबाईंची बदली झाली आणि नव्या खुर्च्या आल्या. तेव्हापासून मी कपाटावर आहे. कोणी झटकून खाली अंथरलं तर आनंदच आहे. माझे काठ विरले असले तरी वीण अजून घट्ट आहे.

मागणं मात्र दुसरंच आहे. घरात अबोला पडतो तेव्हा मोठी माणसं तुम्हा मुलांनाच मध्ये घालतात. "जा, तुझ्या बाबांना सांग," असं आई म्हणाली, तर तो निरोप नेऊ नका. आईचा हात धरा, तिला बाबांसमोर नेऊन बसवा आणि म्हणा, "आई, आता तूच सांग."