दहा ते समाप्ती

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जवळ यावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. कीर्तनात बुवा आधी निरूपण करतात आणि मग कथा लावतात. निरूपण मला येत नाही, ते ऐकायला मी तुमच्याच शेजारी बसतो. कथा मात्र सांगतो. ती एका उभ्या माणसाची आहे.

शिरपूरच्या अलीकडे, तापीकाठच्या एका गावात दर चैत्रात हरिनाम सप्ताह बसायचा. सात दिवस, सात रात्री नाम चालायचं, आणि तेवढा काळ देवापुढची वीणा जमिनीला टेकवायची नाही असा नेम. एकानं ती गळ्यात घालून उभं राहायचं. दोन तासांनी दुसऱ्यानं यायचं, पहिल्याच्या पाया पडायचं आणि वीणा आपल्या गळ्यात घ्यायची. याला पहारा म्हणतात. कुणाचा पहारा कधी, याची यादी भाईदास नाना लिहायचे. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. अक्षर असं की यादी देवळाच्या खांबाला लावली तर लोक आधी अक्षर बघायचे, मग आपलं नाव.

शहाण्णव साली नानांच्या हाताला कंप सुटला. म्हणून यादी छापून घ्यावी असं ठरलं, आणि नाना धुळ्याला मुलाकडे गेले. मुलगा मगन. आग्रा रोडच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर त्याचा संगणकाचा क्लास होता. चपला बाहेर काढून आत जायचं, म्हणून नानांना ती जागा पहिल्यापासून बरी वाटायची.

मगन यादी टाइप करत बसला आणि शेवटच्या ओळीला थांबला.

"नाना, सगळीकडे दोन-दोन तास आहेत. काल्याच्या दिवशी मात्र 'दहा ते समाप्ती, चिंधा'. समाप्ती म्हणजे किती वाजता?"

"शेवटची पंगत उठेल तेव्हा. आपल्याकडे त्याआधी वीणा ठेवत नाहीत. चार म्हण, पाच म्हण."

"सहा-सात तास एकटा माणूस?"

"त्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं, मग दहीहंडी, मग जेवणं. कोण थांबतं बाबा आत? चिंधा थांबतो. त्याला चालतं."

"तो म्हणाला तसं?"

"बावीस वर्षं झाली, एका शब्दानं बोललेला नाही."

मगननं ओळ तशीच ठेवली. तेवढ्यात एक वाजताची बॅच आली. छपाईचं यंत्र तासा-दीड तासाशिवाय मोकळं होणार नव्हतं. मगननं नानांना कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसवलं.

"तुम्ही जन्मभर इतिहास शिकवला. आता हे खेळून बघा."

पडदा काळाकुट्ट होता. मधोमध पोरीच्या परकराच्या ठिगळाएवढा हिरवा तुकडा, आणि त्यावर एक छकडा लुकलुकत होता. साल, इसवीसनापूर्वी चार हजार. मगननं चार-पाच बटणं दाखवली: हे चालायचं, हे गाव वसवायचं, हे पहाऱ्याला उभं करायचं. प्रत्येक माणूस आपली पाळी आली की लुकलुकतो, म्हणजे तो विचारतो, मी काय करू? सगळ्यांना सांगून झालं की तुमची पाळी संपली. मग समोरच्यांची. मग वीस वर्षं पुढं.

"समोरचे कुठं आहेत?"

"अंधारात. आपला माणूस जिथं पाय ठेवेल तेवढीच जमीन दिसते."

नानांना हे फार आवडलं. अंधारात पाऊल टाकलं की एक चौकोन उजळायचा. कुठं नदी निघायची, कुठं डोंगर. त्यांनी नदीकाठ पाहून गाव वसवलं, मगनला विचारून त्याला आपल्याच गावाचं नाव दिलं आणि पडद्याला हात जोडले. मागच्या बाकावरच्या दोन मुली हसल्या. नानांनी वळून पाहिलं.

"गाव वसलं की हात जोडतात. हसायचं काय त्यात?"

गावात पहिला भालेवाला तयार झाला. उत्तरेच्या डोंगरात एक खिंड सापडली होती, तिथून कुणी येईल म्हणून नानांनी त्याला तिकडं धाडला आणि पहाऱ्याचं बटण दाबलं. त्याचं लुकलुकणं थांबलं. मग नाना कामाला लागले. शेतं, रस्ता, कोठार. देऊळ बांधता येतं म्हटल्यावर सगळं सोडून आधी देऊळ. शतकं अशी गेली जशी सप्ताहातले पहिले तीन दिवस जातात, कुणाच्या लक्षातही येत नाही. एका पाळीत नाना बटण दाबायचे थांबले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मगननं विचारलं तर म्हणाले, "समोरच्याची पाळी आहे ना? त्याचं होऊ दे." मगन म्हणाला, "नाना, त्याचं कधीच झालं." नाना म्हणाले, "झालं असेल. तरी."

साल इसवीसन हजाराच्या पुढं गेलं. नानांच्या गावात आता घोडेस्वार होते, तटबंदी होती. सगळा मुलूख एकदा नजरेखालून घालावा म्हणून त्यांनी नकाशा वर सरकवला, तर उत्तरेच्या खिंडीत एक ठिपका. जवळ जाऊन बघतात तो भालेवाला. तोच भाला, तीच ढाल, तोंड तिकडंच.

"मगन, हा कोण?"

मगन खांद्यावरून वाकला. "तुम्हीच ठेवलाय. पहिलाच माणूस तुमचा."

"पण मला याचं कुणी विचारलं कसं नाही? बाकीचे दर पाळीला विचारतात."

"पहाऱ्याला लावला की तो विचारत नाही, नाना. आपण होऊन उठवावं लागतं. नाहीतर खेळ संपेपर्यंत उभाच."

"आणि याचं खाणं?"

"गावातून जातं. खेळ आहे हो."

नानांनी मोजलं. चार हजार वर्षांच्या वर झाली होती. त्या खिंडीतून कुणीही आलं नव्हतं. ज्या देवळापायी त्यांनी सगळं सोडलं होतं, ते त्या माणसानं पाहिलं नव्हतं. नानांनी मगनला विचारून त्याला उठवायचं बटण दाबलं, आणि भालेवाला लुकलुकू लागला. मी काय करू? मी काय करू? नानांना त्याच्याकडे बघवेना. त्यांनी त्याला गावाकडे वळवला. पोचायला चार पाळ्या लागल्या; आता एक पाळी दहाच वर्षांची झाली होती, म्हणजे चाळीस वर्षं.

मगन छापलेली यादी घेऊन आला तेव्हा नाना चष्मा काढून बसले होते. त्यांनी यादी हातात घेतली, शेवटची ओळ वाचली आणि कागद परत दिला.

"ही ओळ बदल. दहा ते समाप्ती, भाईदास."

"नाना, तुमचे गुडघे..."

"चिंधाला काय गुडघे नाहीत?"

दुसऱ्या दिवशी गावात उतरल्याबरोबर नाना घरी न जाता चिंधाच्या दारात गेले. चिंधा जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलून म्हातारा झालेला. नाना त्याच्या घरी बावीस वर्षांत दोनदा आले होते, दोन्ही वेळा मयताला. ओट्यावर त्याची बायको झुंबरबाई दाणे निवडत होती.

"अहो, उठा, यादीवाला भाऊ उना," ती आत बघून अहिराणीत म्हणाली, उना म्हणजे आला, आणि नानांना म्हणाली, "यंदा कितला तास लिखात? समाप्तीना पुढे काही राहस का?"

"अक्का, तेच सांगाले उनू."

"काय सांगशी तू. काला व्हयना का आठ दिन ह्या माणूसना पाय सुपडाना मायक सुजतस. मी मीठना पाणीमा बुडाडस. तुले माहीत शे?"

काल्यानंतर आठ दिवस चिंधाचे पाय सुपासारखे सुजतात आणि ही ते मिठाच्या पाण्यात बुडवते, हे नानांना माहीत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं. चिंधा भिंतीला धरत बाहेर आला, तेव्हा नाना म्हणाले, "चिंधा, यंदा काल्याले तू उभा ऱ्हावानं नही. मी ऱ्हासु."

चिंधा ओट्यावर टेकला. मग खाली बघत म्हणाला, "मन्हं काय चुकनं, भाऊ?"

"काहीच नही."

"मंग माले काढी कसाले टाकं? मी म्हातारा व्हयनू म्हणून?"

नानांनी वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं, फक्त हे ठरवलं नव्हतं. ज्याला आपण ओझं समजत होतो तीच याची मिरासदारी होती. गावात चिंधाला वीणेखेरीज कुणी कशाला बोलावत नव्हतं. नाना ओट्यावर त्याच्या शेजारी बसले.

"चिंधा, काल्यानं कीर्तन तू कव्हय आयकं का?"

"मजार, देवापुढे, टाळ आयकू येतस."

"टाळ नही. कीर्तन. हंडी फोडतस ती देखी का?"

"बावीस साल नही."

"ते मन्हामुळेच. यादी मी लिखस. आते एक साल तू माले ते फेडू दे."

चिंधानं बायकोकडे पाहिलं. झुंबरबाईनं सूप आपटलं. "जा ना. पांढरं धोतर धोई देस मी."

काल्याच्या दिवशी जामनेरचे बुवा आले. मंडपात पहिल्या रांगेत, बुवांच्या अगदी समोर, चिंधा धुतलेलं धोतर नेसून बसला. आत गाभाऱ्यापुढे नाना वीणा गळ्यात घालून उभे राहिले, एक तार छेडत, रामकृष्णहरी म्हणत. कीर्तन सुरू झालं आणि नानांना कळलं की आत खरंच काही येत नाही. टाळांचा गलका येतो, मधूनच माणसं हसल्याचा आवाज येतो, कशाला हसली ते येत नाही. देव समोर असतो, पण देवाची गोष्ट बाहेर चाललेली असते. हंडी फुटली तो आवाज आला. मग पत्रावळींचा, मग वरणाची बादली ओढल्याचा. एक वाजला, दोन वाजले. गुडघे आधी दुखले, मग त्यांचं दुखणंही कळेना. कुणीतरी येईल म्हणून नाना दाराकडे बघत राहिले, आणि मग त्यांना आठवलं की यादीत त्यांच्या नावानंतर नावच नाही. ती ओळ त्यांनी बदलली होती, पण समाप्ती तशीच ठेवली होती. बावीस वर्षं लिहायची सवय.

तीनच्या सुमारास दारात सावली पडली. चिंधा, हातात काल्याचा द्रोण. बाहेर दुसरी पंगत बसत होती.

"बठ्ठा जेवी ऱ्हायनात," तो म्हणाला. "तुले सोडाले कोन्ही उना नही?"

नानांनी मान हलवली. हात वीणेत गुंतलेले, म्हणून चिंधानं लाह्या-दह्याचा घास त्यांच्या तोंडात घातला. मग नानांच्या पाया पडला आणि वीणेला हात घातला.

"नको," नाना म्हणाले. "तुन्हा पाय."

"दोन्ही जण धरू. तू तठून धर, मी आठून."

तसे ते उभे राहिले, एक वीणा आणि दोन म्हातारे. नानांनी विचारलं, "कशी व्हयनी कथा?"

चिंधानं सांगायला सुरुवात केली. बुवांनी जे जे सांगितलं ते सगळं, बुवांच्याच आवाजात, गवळणी कशा हसल्या, देवानं सोबत्यांच्या शिदोऱ्या कशा एकत्र केल्या, कुणाची भाकरी शिळी होती तीही कशी आधी मागून घेतली. शेवटची पंगत उठेपर्यंत त्याची कथा पुरली. हे कीर्तन गावात दोघांनीच ऐकलं, नानांनी आणि देवानं.

पुढच्या चैत्राची यादी नानांनी कापऱ्या हातानंच लिहिली. दर ओळीला वेळ, दर वेळेला नाव, आणि शेवटी समाप्ती हा शब्दच नाही. दहा ते बारा, बारा ते दोन, दोन ते चार. त्या यादीत चिंधाचं नाव घालता आलं नाही. तो माघातच गेला होता.

गोष्ट इथं थांबते. एवढंच मागणं आहे: कुठल्याही गावात सप्ताहाला गेलात आणि कीर्तन रंगात आलं, की एकदा उठून आत डोकावा. तिथं जो उभा असेल त्याला विचारा, तुला सोडायला कोण येणार आहे. आणि विचारताना आमच्या चिंधाची आठवण ठेवा.