नळातला न

तनुजाच्या चित्रात एक पोरगी वर बघत उभी होती. तोंडापुढं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पानी’. वरून एक हात आलेला, त्यात पाण्याचा पेला, पोरीचा हात पुरणार नाही इतका उंच धरलेला. बाकी माणूस काढलाच नव्हता.

चित्र लागणार होतं शहागंजातल्या मंडळाच्या प्रदर्शनात, आणि मंडळाचे अध्यक्ष कोण, तर तिचे सख्खे मामा वैजनाथराव. घ्या, दुष्काळात तेरावा महिना.

मामांनी चष्मा सारखा केला. “तनू, ‘पाणी’. बाणातला ण. दुरुस्त कर, नाहीतर हे लागणार नाही.”

तनुजाच्या मस्तकात तिडीक गेली. आई शहरातल्या पुंडलिकनगरच्या भिक्षुकाघरची, बाप रामकिसन करमाडचा शेतकरी. शहर तेव्हा करमाडपासून लई लांब होतं, आता पार वेशीला येऊन टेकलंय. विहीर आटली त्या उन्हाळ्यात बापानं तिला आजोळी ठेवलं. तिथं मामा पेला वर धरायचे. आधी नीट म्हण, मग पी. ती ‘पानी’ म्हणायची अन् सगळं घर हसायचं. शेवटी घोटून घोटून शिकली तो ण. पाऊस झाल्यावर करमाडला परतली, आजीला, सरूबाईला, ‘पाणी दे’ म्हणाली, तर पोरं नाचायला लागली, “आली पुन्याची पाव्हनी.” तहान एकच, पण दोन्ही घरांत तिचीच चूक निघायची.

“करते दुरुस्त,” ती म्हणाली.

मामा खूश झाले. तनुजानं ब्रश पिवळ्या रंगात बुडवला. ‘पानी’ला तिनं हातही लावला नाही. वरच्या हाताच्या बोटात एक ठसठशीत पुष्कराजाची अंगठी काढली.

मामांनी आपला हात चटकन खिशात घातला. पण मंडळाचे चिटणीस आप्पासाहेब शेजारीच उभे होते, त्यांनी तेवढ्यात दोन्ही अंगठ्या बघितल्या होत्या.

“एवढंच राहिलं होतं, मामा,” तनुजा म्हणाली. “ण असेल बाणातला. माझा नळातला न हाय. मला तहान लागायची तवा नळच आठवायचा, बाण नाय. लावायचं तर असंच लावा, नाहीतर बाहेर रस्त्यावर लावते.”

मामांचा हात खिशातच होता.

आप्पासाहेबांनी हातोडी उचलली. “खिळा कुठं मारू, पोरी?” त्यांनी तिलाच विचारलं.