धुराबाहेरची खोली

जानेवारीतल्या त्या मंगळवारी पॉइंट कुक या उपनगरात उजाडलं ते तांबूसच. गिप्सलँडच्या जंगलातल्या वणव्यांचा धूर मेलबर्नवर येऊन बसला होता. समोरच्या घरांची छपरं पुसट झाली होती आणि घराबाहेर पाऊल टाकताच घशात जळक्या लाकडाची चव येत होती.

इरावतीने खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं आणि कपाटातून जुने टॉवेल काढायला घेतले.

तिची आणि धुराची ओळख जुनी होती. नवऱ्याच्या, म्हणजे हृषिकेशच्या नोकरीमुळे ती काही वर्षं क्वालालंपूरला राहिली होती. तिथे ऑगस्ट-सप्टेंबर आला की समुद्रापलीकडच्या बेटावरची जंगलं पेटायची आणि अख्खं शहर आठवडेच्या आठवडे धुरात बुडायचं. शाळा बंद, मैदानं ओस. आता दुसऱ्या शहरात कॉलेजात असलेली तिची लेक तेव्हा दोन वर्षांची होती; पहिल्या वर्षी ती खोकून खोकून निळी पडायची आणि इरावती रडकुंडीला यायची. मग शेजारच्या चिनी बाईंनी तिला शिकवलं, सगळं घर वाचवायला जाऊ नकोस, एक खोली वाचव.

आता हृषिकेश दूर पश्चिमेकडे, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीवर इंजिनियर होता. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. इरावती घरातच चार लहान मुलांचं डे-केअर चालवत होती. मुलं यायच्या आत तिने पुढची खोली तयार केली. दाराच्या फटीला ओले टॉवेल, खिडक्यांच्या कडांना टेप आणि चौकोनी पंख्याच्या पाठीला दाट फिल्टर घट्ट चिकटवलेला. खोलीतलीच हवा फिल्टरमधून गाळली जाऊन फिरत राहायची. भिंतीवरचा एसीही बाहेरची हवा घेत नव्हता.

चार वर्षांच्या ईशानीला सोडायला आलेल्या तिच्या आईने दारातच विचारलं, "आज ठेवू ना गं हिला? घरी ठेवलं तर मला शिफ्ट सोडावी लागेल."

"बिनधास्त ठेव. बाहेर खेळणं नाही, पण आतली हवा स्वच्छ आहे. आत येऊन बघ हवं तर."

ती आत आली, खोल श्वास घेतला आणि निश्चिंत होऊन कामावर गेली.

अकराच्या सुमारास वैष्णवीचा फोन आला. वैष्णवी त्याच रस्त्यावर सहा घरं सोडून राहायची आणि सिटीत नोकरी करायची. तिची आई, नीलाकाकू, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि दिवसभर एकटीच घरी असायची.

"इरा, आई फोन उचलत नाहीये. झोपली असेल का गं?"

"तुमचा कूलर कुठला आहे? छतावरचा?"

"हो, पाण्याचा. तिला उकडत होतं म्हणून सकाळी मीच लावून आले."

"आणि खिडक्या?"

"थोड्या उघड्या ठेवल्यात. त्याला लागतातच ना."

इरावतीला लगेच कळलं. छतावरचा तो कूलर बाहेरची हवा ओढतो आणि ओली करून घरात सोडतो. एरवी झकास. आज तो सकाळपासून धूर ओढत होता.

"काकूंना दमा आहे?"

"लहानपणी होता म्हणे. आता... मला नाही गं माहीत."

"गॅरेजचा कोड सांग. मी जाते."

मुलांना एकटं सोडणं शक्यच नव्हतं आणि मदतीला कुणाला बोलवायचं तर वेळ गेला असता. दोन-चार मिनिटांच्या धुराने मुलांना फारसं काही होणार नव्हतं, काकूंचं सांगता येत नव्हतं. इरावतीने चौघांतल्या तान्ह्याला झोळीत घालून पोटाशी बांधलं. बागेत जाताना मुलं धरायची ती कड्यांची दोरी बाकी तिघांच्या हातात दिली, दम्याच्या औषधाची पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाली.

"Are we going to the park?" ईशानीने विचारलं.

"नाही राणी, आजीला आणायला. दोरी सोडायची नाही."

वैष्णवीच्या घरात हॉलमध्येही निळसर धूर भरला होता. काकू डायनिंगच्या खुर्चीत पुढे झुकून, गुडघ्यांवर हात टेकून बसल्या होत्या. समोर टेबलावर फोन वाजून वाजून थांबला होता. इरावतीने आधी कूलर बंद केला.

"मी बरी..." काकूंनी हात हलवला. "उगाच... तू..."

"काकू, एक वाक्य पूर्ण म्हणून दाखवा."

काकूंना ते जमलं नाही. शाळेत तीस वर्षं खेळ शिकवलेल्या बाईच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती दिसली.

इरावतीने पिशवीतल्या दम्याच्या पंपाला नळकांडं लावलं आणि त्यांच्या तोंडाशी धरलं. एक फवारा, चार श्वास. पुन्हा फवारा. फोन स्पीकरवर ठेवून तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली की आज सगळीकडून फोन येताहेत, गाडी निघाली आहे पण थोडा वेळ लागेल. जवळ कुठे स्वच्छ हवा आहे का?

"आहे. माझ्या घरी. तोच पत्ता लिहून घ्या."

चालवून नेणं धोक्याचं होतं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या टेबलाला चाकांची खुर्ची होती. इरावतीने ती ओढून आणली.

"बसा."

"लोक... काय म्हणतील?"

"धुरात कुणाला काही दिसत नाही. बसा."

रस्ता सुना होता. पोटाशी तान्हं, पुढे खुर्चीत काकू आणि खुर्चीच्या हाताला बांधलेल्या दोरीला धरून तीन मुलं. फूटपाथच्या प्रत्येक सांध्यावर खुर्ची खडखडत होती. "हळू... अगं," काकू म्हणाल्या. इरावती हळू झाली नाही.

खोलीत शिरल्यावर तिने दार लावलं, टॉवेल पुन्हा सरकवला, पंखा वाढवला आणि पंपाचे आणखी चार फवारे दिले. काकूंचे खांदे थोडे खाली आले. मुलं भिंतीशी ओळीने बसून टक लावून बघत होती. ॲम्ब्युलन्स आली तोवर काकू अर्धं वाक्य बोलायला लागल्या होत्या. ऑक्सिजन लावून त्यांना जवळच्या वेरिबीच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. इरावतीने वैष्णवीला फोन करून थेट तिकडेच जायला सांगितलं.

संध्याकाळी इरावतीने मुलांच्या पालकांना घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. एका बापाला मुलांना बाहेर काढल्याचं आवडलं नाही आणि त्याने ते स्पष्ट बोलून दाखवलं. "तुझं बरोबर आहे, काळजी वाटणारच," ती म्हणाली. "पण तशीच वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन." दुसऱ्या दिवशी त्याने मूल पाठवलं.

काकूंना नेलं त्याच रात्री वैष्णवी हॉस्पिटलमधून परतली ती रडतच. "मीच लावला गं तो कूलर."

"अख्ख्या रस्त्याने लावलाय. डोळे पूस आणि माझ्याबरोबर चल."

दोघी मास्क चढवून दारोदार फिरल्या. कुणी "थँक्स मेट" म्हणत लगेच कूलर बंद केला, कुणाला तो बाहेरची हवा ओढतो हेच माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या ग्रीक जोडप्याला वैष्णवीने स्वतः खिडक्या लावून दिल्या.

काकू दोन दिवसांनी घरी आल्या. डॉक्टरांनी रोजचा पंप लिहून दिला होता आणि जिना चढताना धाप लागते हे त्या लेकीपासून वर्षानुवर्षं लपवत होत्या तेही बाहेर आलं होतं.

"तुला सांगितलं असतं तर तू मला एकटीला विमानात बसू दिलं नसतंस," त्या वैष्णवीला म्हणाल्या.

"नसतंच दिलं. मी येऊन घेऊन आले असते."

धूर होता तोवर काकू दिवसा इरावतीकडेच बसायच्या. पहिल्याच दुपारी मुलांना त्यांनी बसल्या बसल्या खेळायचे खेळ शिकवले. मग एका संध्याकाळी वादळ आलं, चिखलाच्या रंगाचा पाऊस पडला आणि सकाळी सगळ्या गाड्यांवर तपकिरी ठिपके होते. हवा मात्र धुऊन निघाली होती.

पंख्याला फिल्टर कसा लावायचा ते लोकांना शिकवायला पुढच्या रविवारी वैष्णवीने वेरिबीचा एक हॉल मिळवला. ओळखीची, बिनओळखीची पुष्कळ कुटुंबं आपापले पंखे घेऊन आली. हृषिकेशही त्या आठवड्यात घरी होता. त्याला इरावतीने टेप कापायला बसवलं आणि फिल्टरची कुठली बाजू आत ठेवायची ते एकेकाला दाखवत ती फिरत राहिली.

"आता हे दरवर्षीचंच का हो?" मागून एका तरुण आईने विचारलं.

"कधी यायचं ते धूर आपल्याला विचारून ठरवणार नाही," इरावती तिचा पंखा उलटा करत म्हणाली. "पण आला तर काय करायचं, ते आजपासून तुला येतंय. धर ही कड, नीट दाबून धर."

आणि तिने टेप ओढली.