ओबेद टॉमलिनचा शब्द

ओबेद टॉमलिनने वरचं रान जोएलला दिलं तेव्हा मी तिथे होतो. जोएल त्याचा धाकटा मुलगा. टेसीशी त्याचं लग्न ठरलं होतं आणि आमच्या पंथाच्या सभेनेही मान्यता दिली होती. त्या रानात तेव्हा ओक आणि दगड यांखेरीज काही नव्हतं. आम्ही तिघे झऱ्यापाशी थांबलो. ओबेद ओंजळीने पाणी प्यायला, बाहीला तोंड पुसलं आणि म्हणाला, "हे तुझं, जोएल. या झऱ्यापासून त्या कड्यापर्यंत."

"खरंच, बाबा?"

"म्हणजे काय? मी काय खोटं खोटं देतो?"

आम्ही हसलो आणि खाली जेवायला गेलो. एवढंच झालं.

आमच्या पंथात कुणी शपथ घेत नाही. न्यायाधीशापुढेही नाही. शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवीचं बोलणं कच्चं असतं असं कबूल करण्यासारखं आहे, असं आमचे वडीलधारे मानत आले. सगळ्यांना आम्ही अरे-तुरेच करतो, गव्हर्नर आला तरी डोक्यावरची टोपी काढत नाही. मी सभागृहाच्या मागच्या खोलीत मुलांना शिकवतो. अक्षर बरं आहे आणि बोलायचं धाडस नाही, म्हणून खाडीच्या दोन्ही काठांवरचे लोक मृत्युपत्र लिहायला मला बोलावतात. ही गोष्ट मात्र मला नीट सांगता येईल की नाही, याची शंका आहे.

जोएलने ते रान हाताने उभं केलं. झाडं पाडली, बुंधे जाळले, निघालेल्या दगडांचा बांध घातला, त्याच्या आडोशाला सफरचंदाची कलमं लावली. टेसीला दोन मुली झाल्या. मी पुस्तक बगलेत मारून अधूनमधून तिकडे जायचो. माझ्यासारख्या एकट्या माणसाला तिच्या स्वयंपाकघरात बरं वाटायचं. एकदा ओबेदही तिथे होता. टेसी मक्याची लापशी वाढत होती.

"बाबा, एनॉक आयताच आलाय," ती म्हणाली. "दौत-टाक त्याच्या पिशवीत असतंच. वरच्या रानाचं आज लिहून टाक ना."

ओबेदने चमचा खाली ठेवला. "कशाला?"

"माणसाचं काय सांगावं? आज आहे, उद्या नाही."

"मी उद्या आहे. या कलमांची फळं चाखल्याशिवाय कुठे जातोय मी?"

"फळं चाख रे, पण सही पण कर."

"शपथा घेणाऱ्यांना कागद लागतात, टेसी. त्यांचा एकमेकांवर भरवसा नसतो. बाप आणि मुलात कागद आला म्हणजे मग उरलं काय?"

"टेसी, राहू दे," जोएल म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या डोक्यावर घुबडाने घरटं केलं तरी तू राहू देच म्हणशील."

ओबेद खळखळून हसला. मी हळूच म्हणालो, की लिहायला फार वेळ लागायचा नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुखावल्यासारखं. "तूसुद्धा, एनॉक? माझ्या शब्दाला तुला शिक्का हवा?" टेसीने त्याच्या लापशीवर मध ओतला, जरा जास्तच.

ओबेद शिशिरात गेला, तोही सभेतच. आम्ही नेहमीसारखे मूक प्रार्थनेत बसलो होतो. त्या दिवशी कुणालाही बोलण्याची प्रेरणा झाली नाही. शेवटी वडीलधाऱ्या एलिहूने रिवाजाप्रमाणे सभा संपवण्यासाठी शेजारच्याचा हात हातात घेतला. तो ओबेदचा हात होता आणि गार पडला होता. किती वेळ आम्ही त्याच्या सोबतीने गप्प बसलो होतो, कुणास ठाऊक.

त्याच्या पेटीत एक मृत्युपत्र निघालं. जोएल पाळण्यात असताना ओबेद तापाने आजारी पडला होता, तेव्हाचं. लिहिणारा माझ्या आधीचा मास्तर, तोही कधीच गेलेला. सगळी जमीन न तोडता थोरल्या सायलसला. धाकट्याला एखादा धंदा शिकवावा आणि हत्यारं घेऊन द्यावीत.

जोएल चक्क हसला. "जुना कागद आहे. वरच्या रानाचं सायलसला माहीत आहे."

सायलसने मान खाली घातली. "मला नाही माहीत."

"काय नाही माहीत?"

"गेल्या वसंतात मी बाबाला विचारलं होतं. गिरणीपाशी. म्हटलं, माझे चार मुलगे, जमिनीचं काय करायचं ठरवलंयस? त्याने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, तुटायची नाही ती, सायलस. सगळी तुझ्याकडेच राहील." त्याने मान वर करून जोएलकडे पाहिलं. "मला वाटलं, तू वर राहून कसतोयस ते माझ्या वतीने."

सायलस खोटं बोलत नाही. लहानपणी तो माझ्या शाळेत होता. छडी बसणार हे दिसत असतानाही खरं सांगणारा पोरगा होता तो. त्या क्षणी मला वाटलं, तो लबाड असता तर किती बरं झालं असतं!

तालुक्याच्या गावी एक वकील होता, आमच्या पंथाबाहेरचा. त्याने जोएलला सांगितलं, इतकी वर्षं तू कसलंस, घर बांधलंस, शिवाय मास्तर साक्षीला आहे. दावा लाव, जिंकशील. पण आमच्यात भावाने भावाला, सोबत्याने सोबत्याला कचेरीत खेचायचं नसतं. खेचलं तर सभा त्याला आपल्यातून काढून टाकते.

"काढू देत," टेसी म्हणाली. "झाडं काही सभेला विचारून फळत नाहीत."

"आणि तू? रविवारी कुठे बसशील?"

"घरी बसेन. पाय वर करून."

"मुलींची लग्नं? तुझी आई दार उघडेल आपल्याला?"

तिची आई सभेत तिसऱ्या बाकावर बसायची आणि पंथातून काढलेल्या सख्ख्या भावाशी तो मरेपर्यंत बोलली नव्हती. टेसीने परातीतलं पीठ मळायला घेतलं आणि ते मऊ झाल्यावरही ती मळतच राहिली.

मग प्रकरण सभेच्या तीन वडीलधाऱ्यांपुढे आलं. एलिहूच्या बैठकीच्या खोलीत आम्ही जमलो. मला चारचौघांत बोलता येत नाही. तरीही मी झऱ्यापासचं सगळं सांगितलं, पाण्याची ओंजळसुद्धा सोडली नाही. माझं म्हणणं सगळ्यांनी खरं मानलं. सायलसही म्हणाला, "एनॉक सांगतोय तर तसंच झालं असणार." आणि त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

"म्हणजे ओबेद दोघांनाही हो म्हणाला," एलिहू म्हणाला.

आम्हा सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. ओबेदला कुणाच्या तोंडावर नाही म्हणता येत नसे. फेरीवाल्याला हो, उसना बैल मागणाऱ्याला हो, तोच बैल मागणाऱ्या दुसऱ्यालाही हो. आम्ही त्याला सौम्य म्हणायचो आणि मुलांना त्याचं उदाहरण द्यायचो. मी स्वतः दिलं आहे.

"दोन्ही शब्द खरे," एलिहू शेवटी म्हणाला, "तर एकाच्या बाजूने दुसरा मोडायचा कसा? मग कागदच उरतो, जोएल. मला दुसरी वाट दिसत नाही."

सायलस पुढे सरकला. "तू जाऊ नकोस रे. आहेस तसाच वर राहा. मी काही मागत नाही."

"कूळ म्हणून?"

"भाऊ म्हणून."

"आणि माझ्यामागे? मुलींना?"

सायलसने तोंड उघडलं. हो म्हणणं सोपं होतं, बापाने तेच केलं असतं. पण सायलस म्हणाला, "माझे चार मुलगे आहेत, जोएल. तुला खोटा शब्द देणार नाही."

जोएलने मान हलवली. मला वाटतं, त्या खोलीत त्याला भावाचा राग आला नाही. राग यायला कुणी उरलंच नव्हतं.

त्याने दूर दक्षिणेत कॅरोलिनाला जायचं ठरवलं. तिकडे आपल्या लोकांची नवी वस्ती होती आणि पडीक रान पुष्कळ. पण नव्या ठिकाणच्या सभेने आपलं म्हणायचं, तर इथल्या सभेचा दाखला हवा. दाखल्याआधी व्यवहाराच्या बैठकीत एक प्रश्न विचारतात. पुरुष आणि बायका यांच्यामधल्या लाकडी आडपडद्याच्या फळ्या खाली सोडल्या होत्या, बायका पलीकडे होत्या. एलिहू उभा राहिला.

"जोएल टॉमलिन, तुझे इथले सगळे व्यवहार समाधानाने मिटले का?"

जोएलने आपल्या हातांकडे पाहिलं. बुंधे उपटून त्याची बोटं वाकडी झाली होती. नाही म्हटलं असतं तर दाखला नाही. बायको-मुलींना घेऊन त्या परमुलखात तो उपऱ्यासारखा राहिला असता.

"हो," तो म्हणाला.

सायलसने खिडकीकडे तोंड फिरवलं. कुणाचा आक्षेप आहे का, असं एलिहूने विचारलं. आमच्यात गप्प राहणं म्हणजे मान्य असणं. आम्ही सगळे गप्प राहिलो.

बाहेर घोड्यांच्या छपराखाली टेसी उभी होती.

"फळ्यांआडून नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

ती हसली, पण आवाज आला नाही. "झालं तर. बापाकडून काहीतरी मिळालं म्हणायचं त्याला."

तिसऱ्या महिन्यात, म्हणजे बाहेरचे ज्याला मार्च म्हणतात त्यात, ते निघाले. बर्फ वितळून वाटेचा चिखल झाला होता. सायलसने आपली तरणी घोडी दिली, जोएलने ती घेतली. दोघे भाऊ भेटले आणि बराच वेळ एकमेकांना धरून उभे राहिले. टेसीने कलमांच्या काही काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या. त्या वाटेत सुकणार हे तिलाही कळत असावं.

जोएल माझ्यापाशी आला. गेली कित्येक वर्षं गिरणीच्या पलीकडे जातानासुद्धा मला धाप लागते, हे त्याला माहीत होतं.

"एकदा येशील ना तिकडे, एनॉक? मुली तुझी आठवण काढतील."

त्याला काय हवं होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गाडीत टेसी माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "येईन की."

टेसीने मान वळवली आणि सामानावरचा दोर आधीच घट्ट होता तो आणखी ओढून बांधला.